लुआन महाराणींची मरणोत्तर चाकरी

आयुनला राजवाड्यात नेलं, त्या दिवशी तिच्या बापाने सगळ्या गल्लीला राळ्याची दारू पाजली. तो वेई नदीच्या काठी वाळलेल्या भोपळ्यांचे डाव आणि तुंबे विकायचा. पोरगी राजवाड्यात गेली म्हणजे आपण सम्राटाचे सासरे झाल्यात जमा, असं त्याने मनाशी धरलं. खरं तर आठव्या महिन्यात दरबारची माणसं गावोगाव फिरून मुली निवडायची, आणि त्या वर्षी आयुनचे दात सरळ आणि केस दाट निघाले, एवढंच घडलं होतं. पण बाप त्यानंतर गिऱ्हाइकांशी तोऱ्यात बोलू लागला. गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जाऊ लागली. लेकीच्या भाग्याचा घराला लाभ झाला तो असा.

सम्राट आयुनला कधी दिसले नाहीत. एकदा दुरून त्यांच्या रथाची मागची बाजू दिसली, ती चांगली रंगवलेली होती. तिला काम मिळालं लुआन नावाच्या एका बाईंचे केस धुण्याचं. या लुआनबाई पश्चिम सरहद्दीवरच्या सरकारी घोडेपागेच्या मुकादमाची मुलगी. गोल चेहरा, हसायला लागल्या की थांबायच्या नाहीत, सकाळी उठल्यावर मात्र तोंडाला लागायची सोय नसे. हंसांना घाबरायच्या. बागेतल्या तळ्यावरचा हंस मान लांब करून फिस्स करायचा, की त्या आयुनला पुढे ढकलून स्वतः पळायच्या. राण्यांच्या उतरंडीत त्यांच्या खाली फक्त उंबरठा होता.

अशी बाई सम्राज्ञी कशी झाली, हे आमच्याकडे अजून लोक अचंब्याने सांगतात. त्यात अचंबा काही नाही. आधीच्या सम्राज्ञीला मत्सराच्या गुन्ह्याखाली पदावरून काढलं होतं. शेकडो बायकांच्या नवऱ्याच्या बाबतीत मत्सर करणं हा तर अक्षम्यच अपराध. मग त्या जागेसाठी दोन बड्या राण्या पुढे सरसावल्या. दोघींचे भाऊ सेनापती. एकीचं नाव निघालं की दुसरीच्या भावाचे घोडेस्वार वेशीबाहेर कवायत करायला लागायचे. शेवटी मंत्री थकले आणि म्हणाले, जिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही अशी एखादी शोधा. लुआनबाईंबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण त्या आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. फर्मान निघाल्यावर त्या राहतात कुठे हे शोधण्यात दुपार गेली.

फर्मान घेऊन खोजे आले तेव्हा लुआनबाईंचं डोकं घंगाळात होतं आणि आयुनचे हात तांदळाच्या धुवणात. खोज्यांनी गुडघे टेकून ‘सम्राज्ञी’ म्हटलं. बाईंनी डोळ्यांवरचे ओले केस बाजूला केले आणि आयुनला हळूच म्हणाल्या, “अगं, यांना सांग. घर चुकले असतील.”

फर्मानात लुआनबाईंना सद्गुणी, शांत आणि मितभाषी म्हटलं होतं. लिहिलेलंच होतं म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही.

सम्राज्ञी झाल्यावर त्यांचे महाल वाढले आणि जेवण गार झालं. मुदपाकखाना लांब, आणि वाटेत विषाची परीक्षा करणारे. एक चाखणार, मग तो मरतो का याची वाट बघत सगळे बसणार. तो काही मरायचा नाही. तोवर रश्शावर चरबीची साय धरलेली असे. मुकुट इतका जड की रात्री आयुनला तिळाच्या तेलाने मान रगडावी लागायची. सम्राट सणावाराला, जसं शास्त्रात सांगितलं आहे तसे, येऊन बसायचे आणि प्रकृती विचारायचे. आयुन त्या वेळी पडद्यामागे असे. तिने ऐकल्याप्रमाणे एकदा त्यांनी प्रकृती विचारली ती दाराशी उभ्या असलेल्या एका थोराड दासीची. दासी म्हणाली, बरी आहे. सम्राट समाधानाने परतले.

महाराणींना आपल्या पदाचा उपयोग काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा त्यांनी सरहद्दीवरच्या बापाला भेटायची परवानगी मागितली. तेव्हा सांगण्यात आलं की सम्राज्ञी ही साऱ्या प्रजेची आई असते, आणि आईने घर सोडून जायचं नसतं. मूल मात्र त्यांना झालं नाही. प्रजा होती म्हणा.

दर वसंतात सम्राज्ञीने तुतीच्या बागेत जाऊन रेशमाच्या किड्यांना पहिला पाला घालायचा, असा मोठा विधी असतो. एका वर्षी त्या वेळी उत्तरेचा वारा सुटला होता. विधीचा झगा पातळ रेशमाचा, त्याच्याखाली लोकरीचं काही घालणं शास्त्राला मान्य नव्हतं. पाल्याची टोपली डाव्या हातात धरायची की उजव्या, यावर दोन पंडितांचा वाद लागला आणि महाराणी वाऱ्यात उभ्या राहिल्या. ताप चढला. वैद्यांमध्ये हा ताप उष्ण की शीत यावर तट पडले. त्यांचं एकमत झालं तेव्हा महाराणी गेलेल्या होत्या. आयुन त्यांचे पाय चोळत बसली होती. पाय गरम होईनात, हे कोणाला सांगावं ते तिला कळेना, म्हणून ती चोळतच राहिली.

दुःख ओसरल्यावर तिला वाटलं, आता आपण घरी जाऊ. पण शास्त्र सांगतं की मेलेल्यांची सेवा जिवंतांसारखीच करावी. जिवंतांची सेवा कशी करावी याबद्दल शास्त्र जरा मोघम आहे. महाराणींच्या सहा दासींना गाडीत बसवून समाधीकडे पाठवण्यात आलं. मातीचं भलंमोठं टेकाड, भोवती कोवळे देवदार, आणि बाजूला एक शयनमहाल. त्यात बिछाना, आरसा, फणी, पादत्राणं, सगळं मांडलेलं. फक्त बाई नव्हत्या.

तिथला कारभारी पांग हा म्हातारा खोजा. एका राजसोहळ्यात उभ्या उभ्या घोरला, म्हणून त्याची बदली इथे झाली होती. जिथे कोणी उठणार नाही तिथे घोरणाऱ्याला पाठवावं, यात दरबाराची दूरदृष्टी दिसते. पांगने मात्र काम मनावर घेतलं. पहाटे नगारा वाजला की दासींनी पडदे उघडायचे, रजया झटकायच्या, घंगाळात ऊन पाणी ठेवायचं, आरशावरचा कपडा काढायचा. दिवसातून चार वेळा जेवण. संध्याकाळी बिछाना घालून दिवा मालवायचा. दर महिन्याला पांग राजधानीला कळवायचा की महाराणी सुखरूप आहेत.

आणि महिन्यातून एकदा महाराणींचा झगा रथात बसून मंदिरापर्यंत फिरून यायचा. जिवंतपणी ज्यांना वेशीबाहेर पाऊल टाकता आलं नाही, त्यांना मेल्यावर हवापालटाची अशी चैन मिळाली. सरहद्दीवरचा बाप तोवर वारला होता, त्यामुळे तिकडे रथ न्यायचा प्रश्न आला नाही.

इथला मुदपाकखाना महालाला लागूनच होता. पहिल्याच दिवशी आयुनने लाखेच्या तबकावरचं झाकण उचललं आणि डुकराच्या मांसाच्या रश्शाची वाफ तिच्या तोंडावर आली. तिला रडू फुटलं. इतकी वर्षं बाई गरम घासासाठी झुरल्या होत्या. पांगने तिला बाहेर नेऊन सांगितलं की महाराणींच्या समोर रडणं हा बेअदबीचा गुन्हा आहे, आणि या वेळेपुरतं आपण बघितलं नाही.

आचारी होता लू. समाधीगावचाच माणूस, बायको मेलेली, बोलणं कमी आणि तेही तिरकं. तबकं परत आली की तो विचारायचा, “काय म्हणाल्या बाई? मीठ बरोबर होतं?”

“काही बोलल्या नाहीत,” आयुन म्हणायची.

“म्हणजे आवडलं. माझी बायको मुकाट्याने कधी जेवली नाही.”

महाराणींनी जेवून ठेवलेलं अन्न मग वाटलं जायचं. रानकोंबड्याची मांडी पांगकडे, बाकीचं दासींकडे, उरलंसुरलं लूकडे, म्हणजे ज्याने शिजवलं त्याच्याकडे. आयुनचं अंग भरलं. आयुष्यात एवढं चांगलं ती कधी जेवली नव्हती. महाराणींची हरकत नव्हती. इतर दासी रडायच्या, चिडायच्या, एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या. त्यांच्यातली पेई नावाची देखणी मुलगी टेकाडावर चढून राजधानीच्या दिशेला तोंड करून बसायची, जणू तिकडून कोणी निरोपच धाडणार होतं. आयुनलाही वाटायचं, आपलं तरुणपण एका रिकाम्या बिछान्याच्या सुरकुत्या काढण्यात चाललं आहे. पण ते बोलून दाखवायला तिथे लूशिवाय कोणी नव्हतं, आणि लू त्यावर म्हणायचा की भरलेल्या बिछान्याच्या सुरकुत्या जास्त असतात.

बऱ्याच वर्षांनी सम्राट वारले. त्या दोन बड्या राण्यांपैकी एकीचा मुलगा गादीवर बसला आणि ती राजमाता झाली. तिला आता एकच चिंता लागली: मेल्यावर सम्राटांच्या शेजारी पट्टराणी म्हणून आपण झोपायचं, तर ती जागा लुआनने अडवलेली. मेलेल्या बाईला उगीच पदावरून काढता येत नाही, गुन्हा लागतो. तो लागलीच सापडला. लुआनने जादूटोणा केला, सम्राटांच्या नावाने लाकडी बाहुल्या पुरल्या. सम्राट म्हातारपणी, नातवंडं पाहून, भरपूर जेवून गेले होते. पण बाहुल्यांचं काम सावकाश चालतं, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

विधिखात्याचा झाई नावाचा अधिकारी पदच्युतीचं फर्मान घेऊन समाधीवर आला. चाळिशीचा, नीटस दाढीचा, घाईतला माणूस. आता अडचण अशी, की अपराध्याने फर्मान गुडघ्यांवर बसून ऐकायचं असतं, आणि इथे सेवा जिवंतांसारखी चालू. पांगने विचार करून महाराणींचा झगा बिछान्यावरून उतरवला, खाली चटईवर मांडला आणि मधोमध दुमडला. झग्याचे गुडघे नेमके कुठे येतात, यावर त्याची आणि झाईची थोडी चर्चा झाली. मग फर्मान वाचण्यात आलं. अपराध्याने बचावाचं काही सांगितलं नाही, म्हणजे गुन्हा कबूल होता.

तरी साक्षी लागतातच. झाईने सहाही दासींना ओळीने बोलावलं. ज्या साक्ष देतील त्यांना कापड देऊन घरी सोडण्यात येईल, लग्न करायलाही मोकळीक राहील, असं त्याने आधीच सांगून ठेवलं. पेई पहिली गेली. तिने बाहुल्या पाहिल्या होत्या, त्यांना टोचलेल्या सुयाही पाहिल्या होत्या. तिच्यानंतरच्या चौघींनी आणखी बाहुल्या पाहिल्या. शेवटची आयुन.

“बाहुल्यांना कपडे कोणी शिवले?” झाईने मान वर न करता विचारलं. “अपराधी लुआनने स्वतः, असं बाकीच्यांनी सांगितलं.”

“त्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही, साहेब,” आयुन म्हणाली. “एकदा मोजा शिवायला घेतला तर मांडीवरच्या झग्याला शिवून बसल्या.”

झाईने मान वर केली. “तुला घरी जायचं नाही का?”

“जायचंय.”

“मग बाहुल्या पाहिल्यास की नाही?”

“नाही पाहिल्या.”

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावला नव्हता. उन्हात उभ्या राहिलेल्या गाढवाकडे बघावं तसा बघत होता. मग त्याने साक्षी लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि म्हणाला, पाच पुरतात.

पाचही जणी त्याच आठवड्यात गेल्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आयुन फाटकात उभी होती. आपण मोठं सत्य वगैरे बोललो असं तिला वाटलं नाही. उलट आपण मूर्ख आहोत अशी तिची जवळजवळ खात्री पटली. ती मुदपाकखान्यात जाऊन चुलीजवळ बसली. लू भाजी चिरत होता.

“खोटं बोलायला काय झालं होतं?” त्याने विचारलं.

“बोलणारच होते. पण त्याने कपडे शिवले म्हटलं आणि मला तो मोजा आठवला. हसू आलं. मग बोलता येईना.”

लूने सुरी थांबवली. “पाचजणी गेल्या. आता रानकोंबड्याचा पंख तरी तुमच्या वाट्याला येईल, आयुनबाई.”

तोही आला नाही. लुआन आता साधी रयत झाली होती आणि रयतेला रानकोंबडा मिळत नाही. आरसा, फणी, रथ सगळं परत गेलं. चार जेवणांचं एक झालं, आणि त्या एकात राळ्याचा भात आणि खारवलेली पात. पांग नियमाला धरून चालणारा. त्याने महाराणी म्हणणं थांबवलं, दुलई सुती केली आणि घंगाळात गार पाणी ठेवायला सांगितलं, कारण रयत गार पाण्यानेच तोंड धुते. आयुन गार पाणी ठेवायची. थंडीत मात्र पांग घोरत असेल तेव्हा घंगाळ चुलीवरून फिरवून आणायची. त्याने बघितलं नाही, किंवा या वेळीही बघितलं नाही असं केलं. सहाजणींचं काम ती एकटीच करी. त्यात तिची चाळिशी आली.

मग राजमातेच्या भावाने गादीवर डोळा ठेवला, असं ठरलं. त्याचं डोकं उडालं, घरदार जप्त झालं, आणि राजमातेला एका दूरच्या महालात विश्रांतीला पाठवलं. नव्या मंत्र्यांना त्या घराण्याची आणखी पापं हवी होती. पुण्यवान लुआन सम्राज्ञीवर केलेला अन्याय हे पाप एकदम चांगलं होतं, शिवाय तयार होतं.

पुन्हा गाडी आली आणि त्यातून पुन्हा झाईच उतरला. आता पोट सुटलेलं, दाढी पांढरी, आणि पद वाढलेलं. टेकाड दिसताच तो रडू लागला. रडत रडत आत आला, झग्यापुढे स्वतः गुडघे टेकले आणि दुसरं फर्मान वाचलं. पहिलं कोणी वाचलं होतं याचा त्यात उल्लेख नव्हता. लुआन महाराणींना पद परत मिळालं, आणि वर ‘करुणामयी’ ही उपाधी. आता त्यांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. त्याने आयुनला मानाने चटईवर बसवलं, बोरांचं तबक पुढे केलं आणि सांगितलं की महाराणींच्या जन्मवेळी घरावर बगळे घिरट्या घालत होते, असं कळतं.

“तसं काही बोलल्या नव्हत्या,” आयुन म्हणाली.

“दासींना कधी रागावल्या नसतील.”

“सकाळी रोज. एकदा मला फणी फेकून मारली. मग दुपारी जवळ बोलावून स्वतःच्या ताटातली वडी दिली. अर्धी खाल्लेली होती.”

“पशुपक्ष्यांवर दया?”

“हंसांना घाबरायच्या.”

झाईने हातातला कुंचला खाली ठेवला. “बाई, मागच्या वेळीही तुम्हाला जमलं नाही. आताही जमत नाही. कोणाची बाजू घेता तरी कोणाची?”

आयुनने जरा विचार केला. बाजू घ्यायची असते हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. “त्या चांगल्या होत्या, साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता तशा नाही. दोन्ही वेळा म्हणालात तशा नाही.”

झाईने बगळे घातले आणि हंस गाळले. पेईलाही शोधून बोलावलं होतं. तिने महाराणींच्या अंगाला येणाऱ्या सुगंधाबद्दल फार सुंदर साक्ष दिली आणि तिला पुन्हा कापड मिळालं.

चार जेवणं सुरू झाली. रथ आला, आरसा आला. पांगने राजधानीला कळवलं की महाराणी सुखरूप आहेत. सगळं रुळावर येतंय तोच पंडितांना शोध लागला की प्राचीन काळी समाधीवर जेवण वाढायची प्रथाच नव्हती. एवढी वर्षं जे चाललं ते अशास्त्रीय होतं, शिवाय खर्चिक. खजिना रिकामा होता आणि शास्त्र अगदी वेळेवर सापडलं. साऱ्या समाध्यांचे शयनमहाल बंद करण्यात आले. एवढ्या खटाटोपाने जिला पद परत दिलं तिचं जेवण बंद झालं, आणि त्याबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही, कारण यात कोणाचाच गुन्हा नव्हता.

पांगला हे पटेना. हुकूम येऊनही तो नगारा वाजवत राहिला. मग माणसं येऊन बिछाना उचलून घेऊन गेली, तेव्हा तो रिकाम्या चौथऱ्याशी हात बांधून उभा राहिला. आयुनने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि उन्हात बसवलं. तो म्हणाला, “आता त्यांना उठवायचं कोणी?” ती त्याच्याजवळ बसून राहिली.

तिला मोकळं केल्याचं कोणी सांगितलंही नाही. फाटकावरचा पहारा गेला, त्यावरून कळलं. आईबाप कधीच गेले होते. भाऊ होता, पण त्याच्या बायकोला ती ओळखत नव्हती. ती गाठोडं बांधून मुदपाकखान्याच्या ओट्यावर बसली. लू आपली भांडी पोत्यात भरत होता.

“कुठे जाणार?” त्याने विचारलं.

“बघू.”

“बघण्यासारखं काय आहे? माझं घर आहे गावात. एकटा माणूस, रश्शाला मीठ किती पडलं हे सांगायला कोणी नाही.” तो पोत्याचं तोंड बांधत होता, वर बघत नव्हता. “तुम्ही मात्र बोलायचं. त्या न बोलणाऱ्या बाईला वीस वर्षं जेवू घातलं. पुरे झालं.”

आयुन हसली, आणि हसताना तिला आपले दात अजून सरळ आहेत याचा उगीच आनंद झाला. त्यांनी त्याच शरदात लग्न केलं. पांगलाही घरी आणलं. तो परसात झोपायचा आणि घोरायचा, आणि त्याबद्दल त्याला कोणी बदलीवर पाठवलं नाही. लूने वेशीजवळ खानावळ टाकली. आयुन त्याला रोज सांगायची, मीठ जास्त झालं. दोघांचं त्यावरून चांगलं कडाक्याचं भांडण व्हायचं. मूल व्हायचं वय गेलं होतं. त्याचं तिला वाईट वाटे, पण ते ती लूला एकदाच बोलली. त्याने त्यावर काही तिरकं म्हटलं नाही.

पेईही समाधीगावातच राहायला आली होती. महाराणींचे चमत्कार सांगून ती बऱ्यापैकी मानाने जगली. लेकीसुनांचा तिच्याकडे राबता असे. त्यातल्या काही जणी कधीतरी खानावळीतही डोकवायच्या, कारण खरी शेवटपर्यंत राहिलेली दासी ही, असं कोणीतरी सांगितलेलं असे. एक नवी नवरी तर मुद्दाम शेजारच्या गावाहून आली. तिने रश्शाचं भांडं बाजूला सारून विचारलं, “आजी, महाराणी झोपण्याआधी काय म्हणायच्या हो?”

आयुन पात निवडत होती. “दिवा मालव म्हणायच्या,” ती म्हणाली.

पुढे काही येईल असं नवरीला वाटलं असावं. मग उठून पेईच्या घराची वाट विचारली. आयुनने ती नीट समजावून सांगितली: तळ्यावरून डावीकडे, दारात कोळशाचा ढीग आहे तेच घर.